कान टवकारून बघायचा सिनेमा आणि त्याची घरी येणारी डिस्क

काही वर्षांपूर्वी माझी एक मैत्रीण कंपनीच्या कामासाठी तीन महिने जपानला गेली होती, तिला मी म्हटलं बाकी काही नको, मला फक्त 'मिमी ओ सुमासेबा' या जपानी अ‍ॅनिमेशन सिनेमाची ब्ल्यू-रे डिस्क आण. तिने आठवणीने आणली. रविवारी संध्याकाळी भाचीला बोलावून घेतलं, पोह्यांच्या बशा घेऊन दोघी टीव्हीसमोर बसलो, कव्हरवरचं प्लॅस्टिक नखाने सोलून काढलं, डिस्क प्लेअरमध्ये सरकवली, आत काहीतरी गरगरल्याचा आवाज आला, थांबला, आणि स्क्रीनवर एक ओळ आली की ही डिस्क तुमच्या प्रदेशात चालणार नाही. भाची म्हणाली, मावशी, डिस्क खराब निघाली का गं?

डिस्क ठणठणीत होती. प्लेअरही ठणठणीत होता. मग सिनेमा राहिला बाजूला आणि मी तिला रीजन कोड म्हणजे काय इथपासून सांगत बसले, आणि ती एकातून एक प्रश्न काढत गेली, आणि दीड-दोन तासांनी माझ्या लक्षात आलं की थिएटरमधला सिनेमा आपल्या घरच्या टीव्हीपर्यंत कसा येतो हे आपल्याला कुणी कधी नीट सांगितलेलंच नसतं. आपण समजतो डिस्क म्हणजेच सिनेमा. तसं नसतं. डिस्क म्हणजे कुणीतरी टेबलाशी बसून, शंभर निर्णय घेऊन तयार केलेली त्या सिनेमाची एक प्रत असते, आणि त्यातला एकेक निर्णय तुम्हाला दिसणाऱ्या रंगात आणि ऐकू येणाऱ्या सुरात उतरलेला असतो. तेच इथे सगळं एकत्र लिहून काढतेय, आणि उदाहरण म्हणून हाच सिनेमा घेतेय कारण तो माझा फार लाडका आहे आणि त्याच्या बाबतीत हे सगळं घडलेलंही आहे.

आधी सिनेमाबद्दल, कारण तो माहीत नसेल तर पुढचं नुसतं यंत्रांचं बोलणं होईल. इंग्लिशमध्ये त्याचं नाव 'व्हिस्पर ऑफ द हार्ट', स्टुडिओ घिब्ली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा, १५ जुलै १९९५ ला जपानमध्ये लागला, लांबी १११ मिनिटं. जपानी नावात 'मिमी' म्हणजे कान, आणि अख्ख्या नावाचा अर्थ होतो 'कान देऊन ऐकलं तर'. मला ते इंग्लिश नावापेक्षा कितीतरी जास्त आवडतं, कारण कान देणं हा आपलाही शब्दप्रयोग आहे आणि तो किती थेट बसतो बघा. मूळ गोष्ट आओई हिइरागी यांच्या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, ती १९८९ मध्ये 'रिबोन' या मुलींच्या मासिकात आली होती. पटकथा आणि स्टोरीबोर्ड, म्हणजे सिनेमाचा आधी चित्रांत काढलेला कच्चा आराखडा, घिब्लीचे नामवंत दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचे, पण दिग्दर्शन योशिफुमी कोंदो यांचं. कोंदो उत्तम अ‍ॅनिमेटर, मियाझाकी आणि घिब्लीचे दुसरे बुजुर्ग दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांच्यानंतर घिब्लीची धुरा हाच माणूस सांभाळणार असं मानलं जायचं, आणि २१ जानेवारी १९९८ ला वयाच्या ४७ व्या वर्षी ते गेले. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा एकच चित्रपट. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोष्ट चौदा वर्षांच्या शिझुकुची. टोकियोच्या पश्चिमेला तामा भागात, टेकडीवरच्या वसाहतीत, पुस्तकांनी आणि कपड्यांनी भरलेल्या छोट्याशा फ्लॅटमध्ये ती राहते, वडील लायब्ररीत कामाला, आई या वयात पुन्हा शिकायला लागलेली, मोठी बहीण सतत हुकूम सोडणारी. शिझुकु ज्युनिअर हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे पुढे हायस्कूलची प्रवेशपरीक्षा, घरात वातावरण अगदी आपल्याकडच्या दहावीच्या वर्षासारखं. आणि ही बाई सुट्टीत अभ्यास सोडून वीस पुस्तकं वाचायचं ठरवून बसलेली. लायब्ररीतल्या पुस्तकांच्या कार्डावर आधी कुणी कुणी पुस्तक नेलं त्यांची नावं असतात, आणि तिला दिसतं की ती जे जे पुस्तक उचलते त्याच्या कार्डावर एक नाव तिच्या आधीच आहे, सेइजी आमासावा. कोण हा? तो मुलगा भेटतो, त्याला व्हायोलिन बनवायला शिकायचंय, इटलीत क्रेमोनाला जायचंय, त्याला काय करायचंय हे पक्कं माहीत आहे. आणि शिझुकुला माहीत नाही. तिचं दुखणं तिथे आहे. प्रेमात पडण्यापेक्षाही 'याला सापडलंय आणि मला नाही' हे जे त्या वयात पोटात खड्डा पाडतं ना, ते या सिनेमाने जसं पकडलंय तसं मी दुसरीकडे क्वचित पाहिलंय. मग ती ठरवते, मी एक गोष्ट लिहून बघणार, मार्क्स कमी पडले तरी चालतील.

एक प्रसंग मुद्दाम सांगते. सेइजीचे आजोबा, निशी, त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, ते शिझुकुच्या हातात एक साधा ओबडधोबड दगड ठेवतात आणि त्याच्या फटीत टॉर्च मारून बघायला लावतात, आत हिरवे खडे चमकत असतात. ते तिला सांगतात की तू आणि सेइजी असेच आहात, अजून पैलू न पाडलेले, पण पैलू पाडायला लागलं की कळतं, वरवर दिसणारा मोठा खडा कदाचित फारसा कामाचा नाही आणि आत खोलवरचा बारीकसा जास्त शुद्ध आहे. हा दगडही लक्षात ठेवा.

आता डिस्ककडे.

हा सिनेमा १९९५ चा, म्हणजे कॉम्प्युटरवर रंगवायच्या आधीचा. चित्रं कागदावर पेन्सिलने काढायची, ती पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटवर, जिला सेल म्हणतात, उतरवायची, मागच्या बाजूने रंग भरायचा, खाली हाताने रंगवलेलं पार्श्वभूमीचं चित्र ठेवायचं आणि वरून ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याने एक एक फ्रेम टिपायची. सेकंदाला २४ फ्रेम्स. १११ मिनिटांचा हिशोब लावला तर साधारण १ लाख ६० हजार फ्रेम्स होतात. प्रत्येक फ्रेमला नवीन चित्र नसतं, एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, पण फिल्मवर तेवढ्या फ्रेम्स असतातच. शिझुकु आपल्या गोष्टीतल्या बॅरन नावाच्या मांजराबरोबर हवेत उडते तो स्वप्नातला भाग मात्र कॉम्प्युटरवर थर जुळवून केलेला आहे आणि त्यातली ती विलक्षण पार्श्वभूमी नाओहिसा इनोउए या चित्रकाराची. म्हणजे सगळ्याचं मूळ काय, तर फिल्मची निगेटिव्ह. घरी जे काही येतं, मग ती व्हीएचएस असो, डीव्हीडी असो, ब्ल्यू-रे असो की मोबाईलवरचं स्ट्रीमिंग, ते सगळं तिच्यापासून किंवा तिच्यावरून काढलेल्या दुसऱ्या फिल्मपासून निघतं.

पहिली पायरी स्कॅनिंग. निगेटिव्ह मशीनमधून सरकत जाते आणि एकेक फ्रेम डिजिटल होते. फिल्म जुनी असली की धूळ, ओरखडे, फ्रेम किंचित डावी-उजवीकडे डुलणं हे सगळं त्यात येतं. मग माणसं बसून ते साफ करतात, काही सॉफ्टवेअर करतं, काही हाताने. सेल अ‍ॅनिमेशनमध्ये यात एक गंमतीचा पेच आहे. काही धूळ फिल्मवर नंतर बसलेली असते, आणि काही धूळ १९९५ मध्ये शूटिंगच्या वेळीच त्या प्लॅस्टिक शीटवर होती, म्हणजे ती सिनेमाचाच भाग आहे. ती काढायची का ठेवायची? थिएटरमध्ये लोकांनी पाहिली तेव्हा ती होती. यावर लोकांची खरोखर वेगवेगळी मतं आहेत, माझं मत विचाराल तर थोडी राहू द्यावी, हाताने केलेल्या कामाचा तो पुरावा आहे.

त्याहून मोठा वाद ग्रेनचा. फिल्मवरचं चित्र हे चांदीच्या संयुगांच्या अतिशय बारीक कणांतून तयार होतं, म्हणून फिल्मचं चित्र जवळून बघितलं की रवाळ दिसतं, तुपासारखं. कुणाला वाटतं हे खराब प्रिंटचं लक्षण. नाही हो, ते फिल्मचं अंगच आहे. पण काही कंपन्या चित्र 'स्वच्छ' दिसावं म्हणून सॉफ्टवेअरने तो रवा पुसून टाकतात, आणि सॉफ्टवेअरला रवा कुठला आणि बारीक पेन्सिल रेघ कुठली हे दर वेळी कळत नाही, त्यामुळे रव्याबरोबर शिझुकुच्या केसांची बारीक रेघ, पार्श्वभूमीतल्या ब्रशचा फटकारा हेही विरघळतं आणि चेहरा मेण लावल्यासारखा गुळगुळीत होतो. निशी आजोबांचा दगड इथे आठवतो मला दर वेळी. पैलू पाडताना कुठे थांबायचं हे कळायला हवं. पुढच्या वेळी कुठल्याही जुन्या सिनेमाच्या डिस्कबद्दल कुणी 'एकदम क्लीन आहे' म्हणालं तर आधी एखादी भिंत, एखादं आभाळ बघा, त्यात काही जीव उरलाय का ते बघा.

मग रंग. स्कॅन केल्यावर रंग कसे दिसावेत हे ठरवावं लागतं, त्याला ग्रेडिंग म्हणतात. थिएटरमधला दिवा वेगळा, टीव्हीचा पडदा वेगळा, त्यामुळे जसंच्या तसं उतरवलं असं काही नसतंच, कुणीतरी ठरवतं. शेवटचा पहाटेचा प्रसंग घ्या, सेइजी शिझुकुला सायकलवर डबलसीट बसवून टेकडीवर नेतो, चढावर ती उतरते आणि मागून ढकलायला लागते कारण तिला त्याच्यावर नुसतं ओझं व्हायचं नाहीये, आणि वर पोचल्यावर धुक्याने भरलेल्या शहरावर सूर्य उगवतो. करड्या निळ्यातून नारिंगीत जाणारं ते आभाळ. त्यात निळा थोडा कमी केला की पहाटेचा गारठाच जातो. आता प्रश्न असा की बरोबर कोणतं हे सांगणार कोण, दिग्दर्शक तर नाही. कोंदो गेले तेव्हा डीव्हीडीसुद्धा नुकतीच आलेली होती. अशा वेळी त्या काळी सोबत काम केलेल्या माणसांच्या डोळ्यांवर भिस्त असते. घिब्लीचे फोटोग्राफी डायरेक्टर आत्सुशी ओकुई, ज्यांनी याच सिनेमाचं कॅमेऱ्याचं काम पाहिलं होतं, ते घिब्लीच्या जुन्या चित्रपटांचे ब्ल्यू-रे मास्टर, म्हणजे डिस्क जिच्यावरून काढतात ती मूळ डिजिटल प्रत, करताना त्या कामात होते, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण मूळ सेल कसे दिसत होते हे ज्याने पाहिलंय असा माणूस खोलीत असणं आणि नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

रंगाचा निर्णय चुकला तर काय होतं याचं उदाहरण घिब्लीच्याच घरात आहे. 'स्पिरिटेड अवे'ची जपानी डीव्हीडी २००२ मध्ये आली तेव्हा सगळं चित्र लालसर दिसतंय म्हणून प्रेक्षकांनी केवढा गदारोळ केला, काही ग्राहक कोर्टात गेले. ब्ल्यू-रे आली २०१४ मध्ये, त्यात तो लालपणा नाही. मधली बारा वर्षं घरोघरी मुलं तो सिनेमा लाल बघत मोठी झाली, त्यांच्यासाठी तोच खरा रंग.

आता वेग आणि सूर, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त सांगायचाय कारण हा सिनेमा गाण्यावर उभा आहे. सुरुवातीला टोकियोचं रात्रीचं दिव्यांनी भरलेलं दृश्य आणि त्यावर ऑलिव्हिया न्यूटन-जॉनच्या आवाजात 'टेक मी होम, कंट्री रोड्स', जॉन डेन्व्हरचं १९७१ चं गाणं, जे आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगला गिटार हातात आली की कुणीतरी म्हणतंच. शिझुकु त्याचे जपानी शब्द लिहायला बसलेली असते आणि गावाकडचा रस्ता तिच्याकडे नाहीच म्हणून एक 'काँक्रीट रोड' असंही विडंबन करते. मग तो प्रसंग, दुकानाच्या तळघरात सेइजी व्हायोलिनवर चाल धरतो, ती लाजत लाजत गायला लागते, आणि मध्येच आजोबा आणि त्यांचे दोन म्हातारे मित्र आत येतात, वाद्यं हातात घेतात आणि बघता बघता मैफल जमते. शिझुकुचा आवाज योको होन्ना या मुलीचा, गायलीयही तीच. अगदी शाळकरी, न घासलेला आवाज, म्हणून तो इतका खरा वाटतो. डॉल्बी डिजिटल ही थिएटरमधल्या आवाजाची डिजिटल पद्धत वापरणारा हा पहिला जपानी सिनेमा होता, म्हणजे आवाजाची काळजी किती घेतली होती बघा.

आता हे गाणं डीव्हीडीवर आलं की काय होतं? जुन्या टीव्हीच्या जगात दोन पद्धती होत्या. जपान आणि अमेरिकेत एनटीएससी, सेकंदाला जवळजवळ ३० फ्रेम्स, आणि आपल्याकडे आणि युरोपच्या बऱ्याच भागात पाल, सेकंदाला २५. सिनेमा तर २४ चा. मग पाल डीव्हीडी बनवताना सोपा उपाय काय काढला, की सिनेमा थोडा पळवायचा, २४ च्या जागी २५, चार टक्के जलद. १११ मिनिटांचा सिनेमा साडेचार मिनिटं आधी संपतो आणि डोळ्यांना काही कळत नाही. पण कानांना? आवाज चार टक्के जलद झाला की सूर चढतो, साधारण अर्ध्या स्वराच्या पाऊणपट. हार्मोनियम वाजवणाऱ्यांना सांगायचं तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसतं. काही कंपन्या नंतर सूर खाली आणून दुरुस्त करायच्या, बऱ्याच जणी नाही करायच्या. म्हणजे योको होन्नाचा तो कोवळा आवाज अजून बारीक, व्हायोलिन किंचित चिरकं. ज्याने तेवढंच ऐकलंय त्याला खटकणार नाही, पण ज्याने दोन्ही ऐकलंय त्याला लगेच कळतं, आणि नावातच कान असलेल्या सिनेमाचं हे व्हावं याचं मला वाईट वाटतं.

एनटीएससीमध्ये वेग बदलत नाहीत, तिथे चार माणसांचा स्वयंपाक पाच जणांत वाटल्यासारखं करतात, चार फ्रेम्स ताणून पाच फ्रेम्सच्या जागेत बसवतात, एक फ्रेम थोडी कमी वेळ थांबते, पुढची थोडी जास्त. सूर बरोबर राहतो पण कॅमेरा हळूच सरकतो ना, त्या सुरुवातीच्या रात्रीच्या दृश्यासारखा, तिथे बारीक झटके जाणवतात. ब्ल्यू-रेने ही सगळी कटकट संपवली, ती सरळ २४ फ्रेम्सच ठेवते. माझ्या मते ब्ल्यू-रेचा खरा फायदा पिक्चर क्वालिटीपेक्षाही हा आहे, सिनेमा आपल्या मूळ चालीने चालतो.

पिक्चर क्वालिटीचं गणित तसं सरळ आहे. जपानी किंवा अमेरिकन डीव्हीडीवर चित्र ७२० गुणिले ४८० ठिपक्यांचं, ब्ल्यू-रेवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे बरोबर सहापट ठिपके. आपल्याकडची जुनी व्हीसीडी आठवत असेल, एका सिनेमाच्या दोन सीडी, मध्येच उठून दुसरी टाकायची, तिच्यावर तर ३५२ गुणिले २८८. लायब्ररी कार्डावरचं नाव त्यात वाचायला मिळणं शक्यच नव्हतं, आणि या सिनेमात अख्खी गोष्ट त्या नावावर फिरते.

पण ठिपके मोजून भागत नाही, दाबून भरणंही बघावं लागतं. या १ लाख ६० हजार फ्रेम्स ब्ल्यू-रेच्या आकारात काही न दाबता ठेवायच्या म्हटल्या तर जवळजवळ १००० जीबी लागतील. ब्ल्यू-रे डिस्कवर जागा ५० जीबी, दोन थरांच्या डीव्हीडीवर साडेआठ. मग कॉम्प्रेशन काय करतं, तर आधीच्या फ्रेमपेक्षा जेवढं बदललं तेवढंच लिहून ठेवतं, बाकी 'मगासचंच परत दाखव' अशी खूण करतं. अ‍ॅनिमेशनमध्ये मागचं चित्र स्थिर असतं म्हणून ते सोपं जातं असं वाटेल, पण रवा प्रत्येक फ्रेमला बदलतो, आणि संध्याकाळच्या आभाळासारखा हळूहळू उतरत जाणारा रंग कमी जागेत बसवला की त्याच्या पायऱ्या दिसायला लागतात, एकाखाली एक पट्टे. नेटफ्लिक्स एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो असं सांगतं, म्हणजे हा सिनेमा साडेपाच जीबीच्या आसपास, त्यांचं कॉम्प्रेशन नव्या पद्धतीचं असलं तरी फरक राहतोच. मोबाईलवर नाही कळणार, मोठ्या टीव्हीवर अंधार करून बसलात तर कळतं.

आणि आता आमच्या त्या संध्याकाळचा खलनायक, रीजन कोड. सिनेमा सगळ्या देशांत एकाच दिवशी लागत नाही आणि प्रत्येक देशातले हक्क वेगळ्या कंपनीकडे असतात, म्हणून एका देशातली डिस्क दुसऱ्या देशात चालू नये यासाठी जग वाटून घेतलं गेलं. डीव्हीडीसाठी अमेरिका १, जपान आणि युरोप २, भारत ५. ब्ल्यू-रेसाठी अमेरिका आणि जपान ए, युरोप बी, भारत सी. म्हणजे माझी डिस्क ए आणि प्लेअर सी, भांडण एवढंच. ४के डिस्कला रीजन नसतो, ती कुठेही चालते, हे एक शहाणपणाचं झालं. डिस्क मागवायची असेल तर कव्हरच्या मागे कोपऱ्यात ते अक्षर छोट्या षटकोनात छापलेलं असतं, पैसे भरायच्या आधी फोटो मागून तेवढं बघून घ्या.

हक्कांचा घोळ किती लांबतो हेही सांगते. जपानमध्ये १९९५ ला लागलेला हा सिनेमा अमेरिकेत डीव्हीडीवर आला ७ मार्च २००६ ला, डिस्नेकडून, इंग्लिश डबिंगसह. जवळजवळ अकरा वर्षं! सिनेमा लागला त्या वर्षी जन्मलेलं मूल शिझुकुच्या वयाच्या जवळपास पोचलं तोवर. जपानी ब्ल्यू-रे २०११ ची, अमेरिकन २२ मे २०१२ ची, पुढे अमेरिकेतले हक्क डिस्नेकडून जीकिड्स या वितरक कंपनीकडे गेले. डिस्नेशी १९९६ मध्ये जो करार झाला त्यात एक अट होती की सिनेमात काटछाट करायची नाही, आणि ती अट घातली नसती तर आज आपल्याकडे काय पोचलं असतं या विचाराने मला धस्स होतं.

थिएटरमध्ये या सिनेमासोबत एक सहा-सात मिनिटांची छोटी फिल्मही दाखवली गेली होती, 'ऑन युअर मार्क', मियाझाकींनी चागे अँड आस्का या जोडीच्या गाण्यावर केलेली. २०१४ मध्ये मियाझाकींच्या सगळ्या सिनेमांचा ब्ल्यू-रे बॉक्स निघणार होता त्यात ती असणार होती, पण त्याच वर्षी मे महिन्यात त्या जोडीतल्या एकाला ड्रग्जच्या प्रकरणात अटक झाली आणि बॉक्समधून ती काढण्यात आली. म्हणजे बघा, १९९५ च्या जुलैत जे लोक तिकीट काढून बसले त्यांनी जे पाहिलं, ते जसंच्या तसं एका डिस्कवर मिळणं किती अवघड होऊन बसतं.

सबटायटल्स. इंग्लिश सबटायटल्सचे दोन प्रकार असतात, एक जपानी संवादांवरून केलेले, दुसरे इंग्लिश डबिंगचे शब्द तसेच खाली लिहिलेले. दुसरा प्रकार टाळा, त्यात पात्र गप्प असतं आणि खाली वाक्य येत राहतं, कारण डबिंगवाल्यांनी शांतता भरून काढलेली असते. आणि कान देऊन ऐकलं तर सबटायटलमध्ये न मावणारं बरंच हाती लागतं. शेवटी टेकडीवर सेइजी ओरडतो, 'शिझुकु, दाइसुकि दा!' इंग्लिशमध्ये याचं 'आय लव्ह यू' होतं, चूक नाही, पण 'सुकि' म्हणजे आवडणं आणि 'दाइ' म्हणजे मोठं, खूप. 'खूप आवडतेस तू मला!' आपल्याकडे पंधराव्या वर्षाचा मुलगा हेच म्हणेल ना? प्रेम हा शब्द त्याच्या तोंडी येणारच नाही. इथे मराठी माणूस इंग्लिशवाल्यापेक्षा जपानीच्या जास्त जवळ उभा आहे. त्याच्या आधी सेइजी सरळ लग्नाचंच विचारून बसलेला असतो, पंधराव्या वर्षी, आणि तिला तेही पटतं. मोठ्यांना हसू येतं तिथे, भाचीला नाही आलं, ती गंभीरपणे बघत होती.

मी पहिल्यांदा हा सिनेमा पाहिला तो डिस्कवर नाहीच. नेटफ्लिक्सने २०२० च्या फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलमध्ये तीन हप्त्यांत घिब्लीचे २१ सिनेमे आणले, हा शेवटच्या हप्त्यात होता, १ एप्रिलला. म्हणजे आपल्याकडे लॉकडाऊन लागून आठवडा झाला होता. दोन घरांत बसून, फोन स्पीकरवर ठेवून, भाचीने आणि मी एकाच वेळी प्ले दाबला होता. त्यावेळी ती शिझुकुपेक्षा लहान होती. आणि खुद्द जपान त्या करारात नव्हतं, तिथले लोक घिब्लीचे सिनेमे बघायला शुक्रवारी रात्री टीव्हीवर लागायची वाट बघतात किंवा त्सुताया सारख्या दुकानातून डिस्क भाड्याने आणतात. म्हणून तिथे डिस्कला अजून मान आहे. शिवाय घिब्लीच्या डिस्कवर बऱ्याचदा अख्खा सिनेमा स्टोरीबोर्डच्या रूपातही बघता येतो, मियाझाकींच्या हातची पेन्सिलची चित्रं आणि मागे खरा आवाज. कुठल्याही शाळकरी मुलाला चित्रं काढायची आवड असेल तर त्याला हे एकदा दाखवाच. स्ट्रीमिंगवर ते येत नाही.

आमच्या डिस्कचं पुढे असं झालं की एका ओळखीच्यांनी अमेरिकेतून परत येताना प्लेअर आणला होता, अमेरिका ए, जपान ए, म्हणजे चालायला हवी. फक्त तो ११० व्होल्टचा, म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मरचा विटेएवढा ठोकळा, तो घूं घूं करायचा. चालली. भाची तोवर दहावीला आली होती आणि मधल्या काळात पुण्यात जपानीच्या क्लासला जायला लागली होती. सिनेमा सुरू होऊन पाच-सात मिनिटं झाली, वडील शिझुकुला सांगतात की लायब्ररीत आता कार्ड जाऊन बारकोड येणार, आणि ती म्हणते कार्डच बरं. मग ती तिच्या खोलीत कार्डं काढून बघते आणि पडद्यावर ते कार्ड मोठं होऊन येतं. भाचीने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि पॉज केलं. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन गुडघ्यावर बसली. आमासावामधलं पहिलं अक्षर आकाशाचं आहे हे तिने ओळखलं, बाकीची येत नव्हती. शिझुकुच्या आडनावातलं पहिलं अक्षर चंद्राचं, दुसरं बेटाचं, ते दोन्ही आले. फ्रेम थांबलेली असल्यामुळे कागदावर रवा स्पष्ट दिसत होता, आणि शाईची रेघ जिथे किंचित जाड झाली होती तीही. ट्रान्सफॉर्मर घूं घूं करत होता. ती म्हणाली, मावशी, थांब, प्ले करू नकोस, मला अजून एक नाव वाचायचंय.